पौर्णिमेनंतरचा रविवार

६ एप्रिल २०२३, गुरुवार. संध्याकाळी सहा वाजता मी हिंजवडीत अडकलो होतो. हिंजवडीत अडकणं ही काही बातमी नाही, पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती आणि म्हातोबाची यात्रा. वाकडच्या दिशेनं बगाड गेलं होतं, रस्त्यावर गुलाल होता आणि ‘चांगभलं’चा गजर अजून ऐकू येत होता. बाहेरच्यांना हिंजवडी म्हणजे काचेच्या इमारती वाटतात. पण हे मुळशी तालुक्यातलं जुनं गाव आहे. त्याच्या देवाच्या बगाडाचं लाकूड मुळशीच्या जंगलातून आणतात, आणि त्या एका दिवशी आयटी पार्क बाजूला होऊन गावाला वाट देतो.

मला पुण्यात चर्चला पोचायचं होतं. आमच्या पवित्र आठवड्यातला तो गुरुवार, प्रभुभोजनाची उपासना. माझ्या टीममधला एक मित्र हिंजवडी गावचाच. त्यानं मला बाइकवर घामाघूम पाहिलं आणि विचारलं, "तुझापण सण आहे का आज?"

"सण रविवारी. आज शेवटचं जेवण, उद्या क्रूस, परवा काही नाही, मग ईस्टर."

"मागच्या वर्षी पण हनुमान जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी होता तुमचा ईस्टर. नाताळ कसा, पंचवीसला म्हणजे पंचवीसला. ह्याची तारीख कोण ठरवतं?"

"चर्च ठरवतं," मी म्हणालो. सत्तावीस वर्षं ख्रिस्ती घरात वाढून, त्यातली पाच वर्षं तारखा आणि टाइमझोनचे बग सोडवण्यात घालवून, माझ्याकडे एवढंच उत्तर होतं. उपासना चुकली. रूमवर येऊन लॅपटॉप उघडला.

पायथॉनच्या डेटयुटिल लायब्ररीत ईस्टरसाठी चक्क एक फंक्शन आहे. वर्ष द्यायचं, तारीख घ्यायची. आत डोकावलं तर पंधरा-वीस ओळींचं अंकगणित: भागाकार, बाक्या, तीस, सात, एकोणीस. हे एकोणीस कुठून आलं, एवढ्या एका प्रश्नानं माझी रात्र खाल्ली.

नियम असा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची; तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाहीत, चर्चनं बनवलेल्या कोष्टकातून काढतात. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमधल्या पस्तीस तारखांपैकी कुठल्याही तारखेला येऊ शकतो. इसवी सन ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं, आणि मग तो रविवार काढायचा कसा यावर पुढची कित्येक शतकं विद्वानांनी डोकी फोडली. १८०० साली गाउसनं त्याचं सूत्र मांडलं. त्यात एक बग होता. तो त्याच्याच एका विद्यार्थ्यानं दाखवून दिला आणि १८१६ मध्ये गाउसनं दुरुस्ती केली. गाउसच्या कोडलाही रिव्ह्यू लागतो, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि एकोणीस? एकोणीस सौरवर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. बारानं गुणले तर २२८ महिने होतात, म्हणजे सात महिने वरचे. हे सात महिने आपल्या घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात असतात. आपण त्यांना अधिकमास म्हणतो, आणि जावयाला अनारसे देतो. ईस्टरच्या कोष्टकाचा आणि आपल्या अधिकमासाचा गाभा एकच: चंद्राला सूर्याबरोबर चालायला लावायचं.

मग मी अलीकडची वर्षं काढून पाहिली. २०२० साली हनुमान जयंती ८ एप्रिलला, ईस्टर १२ ला. २०२२ साली १६ आणि १७ एप्रिल. २०२३ साली ६ आणि ९. २०२१ साली मात्र ईस्टर ४ एप्रिलला आला, आणि त्याच्या आधीची पौर्णिमा चैत्राची नव्हती, होळीची होती. म्हणजे ईस्टर एक तर शिमग्यानंतरचा रविवार असतो, नाही तर चैत्री पौर्णिमेनंतरचा. तिथीवर चालणारा सण मराठी माणसाला परका वाटायचं खरं तर काही कारण नाही. मित्राला रात्री दीड वाजता मेसेज केला: "तारीख चंद्र ठरवतो. तुमची यात्रा ठरवतो तोच." त्यानं अंगठा पाठवला.

मी थांबलो असतो, पण २०२१ ची ओळ स्क्रीनवर तशीच होती. ४ एप्रिल २०२१. त्या ईस्टरला चर्च बंद होतं, आणि त्याच महिन्यात आमची आजी गेली. कोरोनानं. दफनाला चार जण होते, चौघंही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. कोणी गायलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मातीला गाणी म्हटली, तिच्या मातीला एक ओळ कोणी म्हटली नाही. मी रूमवर व्हिडिओ कॉलवर होतो, म्यूट केलेला.

आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या तोंडी चर्चला ‘देऊळ’ म्हणत आणि ईस्टरला ‘उठायचा सण’. लहानपणी आम्ही सुट्टीत गावी असलो की ती पहाटे चारला पायाला हलवून उठवायची. अंधारात सगळी ख्रिस्ती आळी मळ्याकडच्या कबरस्तानात जायची. आदल्या दिवशी कबरींना चुना लावलेला, त्यावर झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. पेटी, ढोलकी, टाळ. पाळकसाहेबांचं वाचन: बायका पहाटेच कबरेकडे गेल्या, धोंड लोटलेली होती. मग तांबडं फुटता फुटता एक जण मोठ्यानं म्हणायचा, "उठला!" आणि सगळे म्हणायचे, "खरंच उठला!" आम्हा पोरांना ते ओरडणं फार आवडायचं. परतताना चहा, उकडलेली अंडी, आणि दुपारी घरोघरी पुरणपोळी. जे वर्षभर एकमेकांशी बोलत नसत, तेही त्या दिवशी दारात येऊन हात मिळवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणं बंद.

हा आनंद मराठीत आला कुठून? शाळेच्या पुस्तकात मला याचं उत्तर मिळालं नव्हतं. त्या रात्रीपासून पुढचे काही महिने मी ते शोधत होतो, आणि ते उत्तर एका रेषेत आलं नाही.

सुरुवात एका इंग्रजापासून करावी लागते. थॉमस स्टीफन्स, जन्म १५४९ च्या सुमाराचा, विल्टशायरचा. जेझुइट होऊन १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत इथंच राहिला. तो आल्यावर तीन वर्षांनी, १५८२ मध्ये, रोममध्ये पोप ग्रेगरीनं कॅलेंडर बदललं. पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. एवढा मोठा पॅच लावायचं मुख्य कारण ईस्टर होतं: दिनदर्शिका ऋतूंपासून सरकल्यामुळे सणाची तारीख चुकत चालली होती. ते गणित ज्यांनी जगासमोर मांडलं ते क्लॅव्हियस हेही जेझुइटच. इंग्लंडनं मात्र पोपचं कॅलेंडर १७५२ पर्यंत घेतलं नाही. म्हणजे स्टीफन्सच्या घरचे विल्टशायरमध्ये जुन्या कॅलेंडरचा ईस्टर पाळत होते, आणि पोर्तुगिजांच्या राज्यात नवं कॅलेंडर चालू झाल्यावर त्याचा ईस्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच तारखेला पडत असणार.

या माणसानं साष्टीत राहून ओवीत ख्रिस्ताची कथा लिहिली. १६१६ साली रायतूरला छापलेलं ते ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते. भाषा मराठी, मधूनमधून कोंकणी शब्द. पहिल्या भागात जुन्या करारातली कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, मरण, उठणं आणि स्वर्गारोहण. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. पुराण लिहायचं निमित्त त्यानं ग्रंथातच सांगितलं आहे: नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं गेली होती, त्यांच्या जागी ऐकायला काही तरी हवं, असं एकानं विचारलं.

ती पुराणं ‘गेली’ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटत नाही. साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात होतं. १५८३ साली कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना मारलं आणि नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना कपटानं मारलं. ‘ख्रिस्तपुराणा’तला आनंद या जमिनीवर उगवलेला आहे. एका माणसाला समजलं की सण काढून घेतलेल्यांना गाणं द्यायला हवं. त्याच्याच बाजूच्या लोकांनी सण काढून घेतले होते. मी ख्रिस्ती म्हणून यातलं फक्त गाणं घेऊ शकत नाही. पण गाणं टाकूनही देऊ शकत नाही.

पुढं तर १६८४ च्या फर्मानानं गोव्यात स्थानिक भाषेवरच गदा आली. पुराण मात्र टिकलं, कारण ते लोकांबरोबर चाललं. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या आणि ओव्या गायल्या. १९०७ साली मंगळूरहून सालढाणांनी त्याची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणलं, म्हणजे आपल्याच लिपीत यायला त्याला तीनशे चाळीस वर्षं लागली.

आता गंमत बघा. फंक्शन हाताशी होतं म्हणून मी त्याला उगाच एक वर्ष दिलं: १७३९. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ते वर्ष. वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालला. उत्तर आलं: २९ मार्च. म्हणजे त्या वर्षीचा ईस्टर वेढ्याच्या ऐन मध्यात पडला होता. कुतूहल म्हणून इंग्रजांचं जुनं कॅलेंडर लावून पाहिलं. मुंबई तेव्हा त्यांची, वसईपासून काही तासांवर. त्यांचा ईस्टर त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे २२ एप्रिल, म्हणजे पोर्तुगिजांच्या कॅलेंडरप्रमाणे ३ मे. पस्तीस दिवसांचं अंतर! एकाच किनाऱ्यावर एकच ख्रिस्त महिन्याहून जास्त फरकानं दोनदा उठला, आणि दोन्ही वेळी वसईभोवती मराठ्यांचे मोर्चे होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या वेढ्याचे सुरुंग आहेत, चर्चच्या घंटा तारण्याची गोष्ट आहे. आज त्यातल्या काही घंटा महाराष्ट्रातल्या देवळांमध्ये टांगलेल्या आहेत. किल्ल्याबाहेरच्या गावांत, ज्यांना लिस्बनशी काही देणंघेणं नव्हतं अशा शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती घरांत तो रविवार कसा गेला असेल, हे त्या पुस्तकात नाही. पोर्तुगीज गेले, ती घरं राहिली. त्यांनी पेशवाई पाहिली, इंग्रज पाहिले, आणि आज शनिवारी रात्री वसईच्या चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती लागते, तिच्यावर त्या सालाचे आकडे कोरलेले असतात, आणि एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची लागत अख्खं चर्च उजळतं. मी एकदा हे पाहिलंय. आम्हा प्रोटेस्टंटांकडे असलं काही नाही, आणि मला थोडा हेवा वाटला. मिस्सा पूर्ण मराठीत होता. तोही मार्ग साधा नव्हता. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन सुटली आणि लोकभाषा आली. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमी मिळवतात आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात.

आजीचा ईस्टर मात्र वसईचा नव्हे, नगरचा. आणि तिथली कथा आणखी तिरपी आहे. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम चालू झालं. हे मिशनरी न्यू इंग्लंडचे, प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेला सणांचंच वावडं होतं: नाताळ नको, ईस्टर नको, प्रत्येक रविवार सारखाच पवित्र. न्यू इंग्लंडच्या त्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ईस्टर फारसा साजराच होत नव्हता. ज्यांच्या पाठीशी सणाची परंपरा नाही अशा लोकांनी बारा महिने सण पाळणाऱ्या मुलखात धर्म आणला. त्यांनी शाळा दिल्या, छापखाना दिला, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ दिला. पण कबरस्तानात झेंडूच्या माळा आणि पुरणपोळी हे त्यांच्या बोस्टनहून आलेलं नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

ते इथलंच होतं. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकार उभे राहिले आणि ख्रिस्ताची कथा पूर्वरंग-उत्तररंगात सांगू लागले. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आधीची बरीचशी मराठी ख्रिस्ती गाणी म्हणजे इंग्रजी चालीत कोंबलेले मराठी शब्द. टिळकांनी अभंग, ओवी, आर्या घेऊन शेकडो पदं लिहिली. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. लक्ष्मीबाई, म्हणजे नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेल्या आणि मग स्वतःच्या पायांनी चालत त्या श्रद्धेत आलेल्या ‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाई.

एक नाव मात्र मला सोडवत नाही. पंडिता रमाबाई. मुळशी हे पुणे जिल्ह्याचं पश्चिम टोक, तर त्यांचं केडगाव पूर्वेला, दौंड तालुक्यात. तिथल्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणत होत्या. विद्वानांसाठी नव्हे, कमी शिकलेल्या बायकांना वाचून कळावं म्हणून. छपाईचं कामही आश्रमातल्या बायकाच करत. २४ जुलै १९२१ ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मी त्या वर्षांचे ईस्टर काढले. १९२१ चा २७ मार्चला होऊन गेला होता. १९२२ चा १६ एप्रिलला होता. म्हणजे मुलगी गेल्यानंतर रमाबाईंच्या वाट्याला एकही ईस्टर आला नाही. अकरा दिवस कमी पडले. पुनरुत्थानाचे उतारे स्वतःच्या भाषेत आणणारी बाई तो शेवटचा सगळा काळ दोन ईस्टरांच्या मधल्या जागेत जगली. त्यांचं बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये.

हे कळल्यावर मी दोन दिवस काही वाचलं नाही.

कारण आमची आजीही तशाच जागेत अडकल्यासारखी वाटायची मला. २०२१ चा तो ईस्टर तिनं मोबाईलवर पाहिला. नेटवर्क जात होतं. "उठला!" म्हणताना स्क्रीन गोठली आणि ती म्हणाली, "खरंच उठला," एकटीच, पलंगावर बसून, गोठलेल्या पाळकसाहेबांना. हे मला आईनं नंतर सांगितलं.

‘उठला’ या शब्दावर जरा थांबतो. आमच्या छापील पुस्तकांत ‘पुनरुत्थान’ असतं. भारदस्त शब्द आहे, पण त्याला घामाचा वास नाही. आजी कधी तो बोलली नाही. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये यासाठी जे क्रियापद मुख्यतः वापरलंय त्याचा रोजचा अर्थ झोपेतून जागं करणं, उभं करणं असाच आहे. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या चौथी शिकलेल्या बाईचं ‘उठला’ मूळ ग्रीकला पंडिती शब्दापेक्षा जवळचं आहे. आणि मराठीत पहाट ही मुळातच उठवण्याची वेळ. काकडा, भूपाळी, जात्यावरची ओवी. हजारो वेळा लोकांनी पहाटे देवाला उठवलंय. ईस्टरला एवढाच फरक, की उठवायला माणसं पोचतात तेव्हा तो आधीच उठलेला असतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर अशा जागी संपतात की बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. आनंद आहे, पण पहिल्यांदा तो भीतीसारखाच दिसतो.

तर त्याच आठवड्यातला तो रविवार, ९ एप्रिल २०२३. आम्ही सात-आठ जण मुळशीच्या धरणाकाठी जाणार होतो. हिंजवडी-वाकडच्या फ्लॅटांमध्ये राहणारे ख्रिस्ती म्हणजे मल्याळी, तेलुगू, मिझो, दोन गोव्याचे, आणि मी. दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये इंग्रजी आणि हिंदी गाणी असतात. चांगली असतात, गिटार छान वाजते. यंदा कोणीतरी म्हणालं होतं, सूर्योदयाला बाहेर जाऊ. रस्ता माहीत असलेला माणूस हवा म्हणून हिंजवडीचा मित्र आला. त्याला त्याच्या मामाकडे माल्याला जायचंच होतं.

पहाटे चारला निघालो. माण, घोटावडे, पौड. ताम्हिणीच्या रस्त्याला पाणी दिसू लागलं तेव्हा चंद्र पश्चिमेला होता, एका बाजूनं कुरतडलेला. तीन दिवसांपूर्वीचा यात्रेचा चंद्र. मित्रानं गाडी बाजूला घेतली आणि पाण्याकडे बोट करून म्हणाला, "खाली गावं आहेत." १९२१ साली रामनवमीला सेनापती बापटांबरोबर मावळे या धरणासमोर उभे राहिले होते. सत्याग्रह हरला, खोरं पाण्याखाली गेलं. त्याच्या आईकडचे पूर्वज त्यातलेच. आम्ही कबरस्तान शोधत नव्हतो, पण उभे एका कबरस्तानाच्या काठावरच होतो.

वाचन इंग्रजीत झालं. दोन इंग्रजी गाणी, एक मल्याळी. मग गोव्याची मुलगी म्हणाली, "मराठीत म्हण ना एखादं. आपण महाराष्ट्रात आहोत."

माझ्या सॅकमध्ये आजीची वही होती. दोनशे पानी, पुढून किराण्याचा हिशोब, मागून गाणी. आईनं दिली होती, मी वर्षभर उघडली नव्हती. मोबाईलच्या टॉर्चवर पान काढलं. चाल आठवत होती असं वाटत होतं; पहिली ओळ म्हटली आणि दुसरीला आवाज फाटला. तिसरीला थांबलो. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं आता एखादा टाळ्या वाजवेल आणि प्रकरण मिटेल.

तेवढ्यात मागून मित्र म्हणाला, "अरे थांब, ही तर आमच्या काकड्याची चाल आहे." तो बोनेटवर बसला होता. त्यानं बोनेटवरच ठेका धरला, आणि शब्द माहीत नसताना नुसती चाल गुणगुणायला लागला, बरोबर जिथं मी अडकलो होतो तिथून. मी त्याच्या मागून शब्द बसवत गेलो. चुकत, पुन्हा पकडत. पाच कडवी होती. चौथ्या कडव्याला मिझो मुलगा दुसऱ्या सुरात मिसळला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, सूर मात्र माझ्याहून पक्का होता.

संपलं तेव्हा डोंगराच्या कडा दिसू लागल्या होत्या. मी म्हणालो, "उठला." ठरवून नाही, तोंडातून गेलं. बाकीच्यांना काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. क्षणभर शांतता होती, आणि मला ती पलंगावरची आजी दिसली, गोठलेल्या स्क्रीनसमोरची. मग मीच म्हणालो, "खरंच उठला." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गोव्याचे दोघं बरोबर होते. तिसऱ्यांदा सगळे. पाण्यावरून आवाज परत आला.

मित्रानं विचारलं, "झालं का? म्हणजे आता उपास सुटला ना तुमचा?"

सुटला होता. डब्यात सोळा अंडी होती, रात्री उकडलेली, बीटच्या पाण्यात टाकून रंगवायचा प्रयत्न फसलेली. तिखट-मीठ आणायचं राहिलं होतं. तो मामाच्या घरी गेला आणि पुडी घेऊन आला.